तेवढ्यापुरते मास्तर

मोर्चाला जाताना लोक झेंडा घेतात, पाण्याची बाटली घेतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे आठल्ये मास्तर एक लवंग घेतात. ती डाव्या गालात ठेवायची. घोषणा पटली तर लवंग गालातच राहते आणि मास्तर ओरडतात. घोषणा पटली नाही तर लवंग दाताखाली येते आणि मास्तर चावत चालतात. तोंडात काही असलेल्या माणसाला ओरड म्हणून कोण सांगणार? ‘युद्ध थांबवा’ म्हटलं की लवंग गालात. ‘अमक्याचा विजय असो’ म्हटलं की लवंग दाताखाली. मास्तर घरी आले की त्यांच्या बोलण्यावरून मला मोर्चा कळतो. जीभ बधिर होऊन बोबडं बोलायला लागले की समजायचं, आज भाषणं वाईट झाली.

लवंगा आमच्याच घरून जायच्या. आमची शालन द्यायची, घशाला बरी म्हणून. डबा भरला की आठवड्यात तळ दिसायचा. मी म्हणायचो, म्हातारा लवंगा खातो की पेरतो?

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढं घोळ नको. मी रामचंद्र घोरपडे. सातवीत नापास झालो आणि फौजेत ड्रायव्हर झालो. शेवटची पोस्टिंग कोलकात्याला, फोर्ट विल्यमला, तिथूनच हवालदार म्हणून निवृत्त झालो. पोरीनं इथल्याच बंगाली मुलाशी लग्न केलं. शालन म्हणाली, पोरीजवळ राहू. म्हणून भवानीपूरला दोन खोल्या घेतल्या. मग जावयाची बंगळूरला बदली झाली आणि पोरगी गेली. गेल्या हिवाळ्यात शालन गेली. ज्या दोघींसाठी राहिलो त्या दोघी गेल्या आणि मी राहिलो. असो. हे माझ्याबद्दल नाही.

मास्तर इथलेच. त्यांचे वडील बंदराच्या नोकरीत आले, मास्तर इथं जन्मले, बंगाली शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. मराठी आईकडून आलेली, आणि आई वारली तेव्हा ती जिथं होती तिथंच थांबली. मेट्रोला ते अजून भुयारी आगगाडी म्हणतात. रागावतात मात्र बंगालीत. बंगाली कितीही रागानं बोलली तरी जेवायला बोलावल्यासारखीच वाटते, त्यामुळं त्यांच्या रागाला आमच्या गल्लीत कुणी भीत नाही.

घरात एक मोठा पृथ्वीचा गोल आहे. धूळ बसू नये म्हणून त्याला माकडटोपी घातलेली. थंडी पडली की टोपी मास्तर घालतात आणि पृथ्वी उघडी पडते.

त्यांचा एक शब्द आहे, ‘तेवढ्यापुरतं’. हा शब्द काढून घेतला तर मास्तर मुके होतील. डॉक्टरांनी साखर सोडायला सांगितली. मी विचारलं, पटलं का? म्हणाले, “चहापुरतं पटलं. संदेश वेगळा.” संदेश म्हणजे इथली छेन्याची मिठाई. संकष्टीला उपास करतात. मी म्हटलं, मास्तर, तुम्ही तर देव मानत नाही म्हणता. म्हणाले, “चंद्र उगवेपर्यंत मानतो. तेवढ्यापुरतं.” इथं फुटबॉलचे दोन गट आहेत. माणूस जन्मतोच त्यातल्या एकात. मास्तर मात्र ज्याचा गोल चांगला त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. एकदा मैदानावर दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकदम कॉलर धरली होती. दोन वैऱ्यांची एकी मी त्या दिवशी पाहिली.

आता मोर्चाचं. जगात कुठंही लढाई पेटली की या शहरात मिछिल निघते. मिछिल म्हणजे मोर्चाच, फक्त गाणी जास्त. आणि मिछिल निघाली की मास्तर निघतात. मी विचारलं, मास्तर, तुमचा काय संबंध तिकडच्या लढाईशी?

“हवालदार,” ते म्हणाले, “ज्या गावांची नावं मी पोरांना बाकावर उभं करून पाठ करायला लावली, ती गावं कुणी पाडली तर मला राग येणार नाही? आता त्या पोरांनी विचारलं की सर, ते गाव कुठंय, तर मी काय सांगू?”

इथवर ठीक. पण हे मोर्चे काढणारी मंडळी कोण? त्यात भली माणसं असतात, शाळेच्या बाया असतात, पण पुढं कापड धरणारी जी टोळी होती ती बंदूकवाल्यांना मानणारी. दुसऱ्याची बंदूक वाईट, आपल्या आवडत्याची चांगली. मास्तरांना हे माहीत होतं. म्हणून त्यांनी पाटी केली होती. शाळेनं टाकून दिलेला जगाचा नकाशा, कापडाचा, वरखाली दांडीचा. तो काठीला बांधलेला. नकाशाच्या पाठीवर मोठ्या मराठी अक्षरात लिहिलेलं: ‘युद्ध नको. तेवढ्यापुरता मी यांच्याबरोबर.’

माझं मत मी तोंडावर सांगतो. एकदा कोपऱ्यावर मातीच्या भांड्यातला चहा घेत होतो. मी म्हटलं, “मास्तर, मी आयुष्यभर गाडी चालवली. ज्याच्या गाडीत बसलात त्याच्याच गावाला जाणार तुम्ही.”

“का म्हणून? बस एस्प्लनेडला जाते. मला आधी उतरायचं असतं, मी आधी उतरतो. बसमध्ये चढलो म्हणून कंडक्टरशी लग्न लागलं का माझं?”

“आणि ड्रायव्हर पिऊन असला तर?”

मास्तरांनी भांडं खाली ठेवलं. “हे वाईट बोललात,” म्हणाले.

“वाईट नाही. खरं बोललो.”

“दोन्ही. तुम्ही स्वतःची वेगळी बस काढा म्हणणार आता.”

“म्हणणारच होतो.”

“काढून पाहिली,” मास्तर म्हणाले.

ते खरं होतं. एकदा त्यांनी एकट्याचा मोर्चा काढला होता. कालीघाटापासून हाजऱ्याच्या चौकापर्यंत, पाटी घेऊन. पोलिसानं अडवलं. माणसं किती? एक. पुढारी कोण? मीच. मग ‘जिंदाबाद’ कोण म्हणणार? मास्तर म्हणाले, जिंदाबाद कुणालाच म्हणायचं नाहीये. पोलीस चक्रावला. मोर्चात कुणालाच जिंदाबाद नाही, हे त्यानं नोकरीत पाहिलं नव्हतं. त्यानं मास्तरांना सावलीत बसवून पाणी पाजलं. पुढं एका बाईला नकाशा दिसला, तिनं मुलाच्या भूगोलाच्या शिकवणीचं विचारलं. मास्तर मोर्चा काढायला गेले आणि शिकवणी घेऊन आले.

त्यानंतर ते पुन्हा दुसऱ्यांच्या बसमध्ये. आणि यंदा पावसाळ्यात जे व्हायचं ते झालं.

त्या दिवशीच्या मोर्चात त्या टोळीचा एक पुढारी गाडीवर चढून बोलला. शिपाई मेला तर रडू नका, असं काहीतरी. मागं बॅनर होता, कुठल्याशा बंदूकवाल्यांना सलाम म्हणून. आणि त्याच्याखाली आमचे मास्तर, पांढरं डोकं, मूठ तोंडाजवळ नेलेली. ती मूठ नव्हती हो. लवंग संपली होती, दुसरी तोंडात टाकत होते. पण फोटोत मूठ ती मूठच. फोटो काढणाऱ्यानं पाटी कापून टाकली होती. म्हातारा, मूठ आणि बॅनर, एवढंच राहिलं. तो फोटो फिरत फिरत आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला.

आमचं मंडळ म्हणजे बँकेचे साहेब, सरकारी साहेब, फोर्टातली फौजी कुटुंबं. तीन वर्षांनी बदली, नवी माणसं. जुनी घरं मोजकी. त्यात मास्तर. मंडळाचा गणपती कुमारटुलीत मूर्तिकारांकडून करून घ्यायचा आणि मांडीवर घेऊन टॅक्सीनं आणायचा, हे काम त्यांच्या वडिलांपासून त्यांच्या घराकडं. बंगाली कारागिराला गणपती म्हणजे दुर्गेचा मुलगा. तो पोराला आईच्या वळणाचं करतो, नाजूक. मास्तर तिथं स्टुलावर बसून म्हणतात, पोट वाढवा, अजून वाढवा. मग पिवळ्या टॅक्सीत मांडीवर गणपती, सोंडेला धक्का नको म्हणून एक हात आडवा, आणि ड्रायव्हरला दर चौकात सांगायचं, “आस्ते, दादा, आस्ते.” बिनलग्नाच्या माणसाच्या मांडीवर वर्षातून एकदा कुणीतरी बसायचं, ते हेच.

सेक्रेटरी देशपांड्यांनी सभा बोलावली. ते बँकेत आहेत, सगळ्यांना सांभाळून घ्यायची सवय. सावंतबाई मात्र उभ्या राहिल्या. त्यांचे मिस्टर कर्नल, मुलगाही फौजेत, वर बर्फात. त्या म्हणाल्या, “माझा मुलगा तिकडं उभा आहे. त्याच्या मरणावर रडू नका म्हणणाऱ्यांच्या शेजारी जो माणूस उभा राहतो, त्याच्या मांडीवरून आलेल्या गणपतीची आरती मी करू?”

  मला त्यांचं पटलं होतं. मी ट्रकमधून पेट्या नेल्यात. आत आपलीच पोरं. ती गाडी हळू चालवतात. आतल्याला धक्का लागत नसतो, तरी हळू. त्या पुढाऱ्यानं एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसायला हवं होतं.

ठरलं असं, मास्तरांनी सभेत उभं राहून चुकलो म्हणायचं, पुन्हा जाणार नाही म्हणायचं. नाहीतर गणपती दुसरं कुणी आणेल. देशपांडे म्हणाले, “घोरपडे, तुम्ही जा. तुम्ही फौजी, तुमचं ऐकतील.”

गेलो. सकाळची वेळ होती. मास्तर वांग्याचे काप तळत होते. एक ताटली माझ्यापुढं सरकवली. शालन गेल्यापासून सकाळचं आम्ही एकत्रच खातो. त्यांच्या हाताला मीठ नाही, माझ्या हाताला चव नाही, पण दोघं मिळून भागतं. आज हे भांडण झालं तर उद्यापासून काय, हे माझ्या डोक्यात होतंच.

“मास्तर, चुकलो म्हणा आणि सुटा.”

“किती चुकलो?”

“किती काय? चुकलो ते चुकलो.”

“असं नसतं, हवालदार. वर काय लिहिलंय ते न बघता तिथं उभा राहिलो, तेवढ्यापुरता चुकलो. सावंतबाईंच्या पाया पडून सांगतो. पण चाललो ते चुकलो नाही. देशपांड्यांना अर्धं चालेल का?”

“अर्धं कुणालाच चालत नाही.”

“मग अडचण आहे.” त्यांनी काप उलटला.

“तो काय बोलला ते ऐकलंत ना तुम्ही? शिपायाबद्दल?”

“ऐकलं.”

“मग काय केलंत?”

“लवंग चावली.”

माझं टाळकं फिरलं. “मी असतो तर त्याचे दात पाडले असते!”

“तेही तेवढ्यापुरतं बरोबर झालं असतं.”

“मास्तर, थट्टा पुरे. उतरला का नाहीत तिथंच?”

त्यांनी गॅस बंद केला. “उतरलो असतो तर मागं उरलं कोण? तेच. मग युद्ध नको म्हणणारे या शहरात फक्त तेच, असं झालं असतं. चांगलं वाक्य वाईट माणसाच्या हवाली करून घरी यायचं का?”

“आणि चांगला माणूस वाईट माणसाच्या हवाली केलात त्याचं काय? तुमचं पांढरं डोकं दाखवून ते आता सांगणार, बघा, म्हातारे मास्तरसुद्धा आमचेच.”

मास्तरांनी शेवटचा काप ताटलीत काढला. मग म्हणाले, “हे खरं आहे. म्हणून तर पाटी.”

“कसली पाटी?” मी ओरडलोच. “मराठीत! त्या गर्दीत मराठी वाचतंय कोण? त्यांना वाटतं, महाराष्ट्रातून त्यांच्या बाजूचं काहीतरी लिहून आणलंय. पुढं घेतात तुम्हाला, फोटो काढतात! एवढं शिकलेले तुम्ही, कुणासाठी लिहिता ती पाटी?”

मास्तरांनी हातातला झारा ठेवला. कोपऱ्यात पाटी उभी होती तिकडं बघितलं.

“एक माणूस वाचायचं,” ते म्हणाले. “वहिनी.”

मला वाटलं, त्यांची कुणी वहिनी असेल. मग लक्षात आलं, मास्तरांना भाऊच नव्हता. ते वहिनी म्हणायचे ते एकीलाच.

“आमची शालन?”

“आधी माझी पाटी बंगालीतच होती. एकदा वहिनी कालीघाटाहून परत येत होत्या, मोर्चानं रस्ता अडलेला. मला बघून आत शिरल्या आणि चालायलाच लागल्या बरोबर. म्हणाल्या, ‘मास्तरदादा, हे काय लिहिलंय?’ मी वाचून दाखवलं. म्हणाल्या, ‘मला वाचता येईल असं लिहा. न वाचता खाली चालायला मी काय अंगठा द्यायला आलेय?’ घरी येऊन मी नकाशाच्या पाठीवर मराठीत लिहिलं. मग प्रत्येक मोर्चाला यायच्या. तुमची दुपारची झोप लागली की.”

“कालीमातेला जाते म्हणायची मला.”

“जायच्या की. आधी दर्शन, मग मोर्चा. खोटं बोलायला नको म्हणून. लवंगेचा नियमही त्यांचाच. एकदा वाईट घोषणा आली तेव्हा मी गप्प राहिलो, तर शेजारच्यानं ढोसलं. वहिनींनी कनवटीची लवंग काढून दिली. म्हणाल्या, ‘पटलं नाही तर चावा. तोंडात काही असलं की कुणी बोल म्हणत नाही.’”

मला आधी रागच आला. बाई माझी, लवंगा माझ्या, आणि मला पत्ता नाही. “मला का सांगितलं नाही तिनं?”

“म्हणाल्या, ‘हे चिडतील. चिडले की जेवत नाहीत. हे जेवले नाहीत की मीही उपाशी. एवढ्यासाठी दोघांनी उपाशी कशाला राहायचं?’”

हे मात्र शंभर टक्के शालनच बोलली होती.

“पण चालायची कशाला? फौजेतल्या माणसाची बायको ती.”

मास्तर म्हणाले, “मीही विचारलं होतं. तुम्ही वर घाटात ट्रक चालवत होता, ती लढाई. जिंकल्याची बातमी आली तेव्हा शेजारणीनं वहिनींना पेढा दिला. तुमचं पत्र आलं नव्हतं. वहिनींनी पेढा खाल्ला नाही आणि टाकलाही नाही, फळीवर ठेवला. पत्र आलं तेव्हा खाल्ला. म्हणाल्या, ‘दगड झाला होता, दादा. चावत बसले होते.’ एवढंच सांगितलं. मी पुढं विचारलं नाही.”

मी काप खाल्ले. गार झाले होते. मीठ नव्हतंच.

खाली आलो. तिच्या चपला अजून दाराशी आहेत. टाचा एका बाजूनं पार झिजलेल्या. मी तिला म्हणायचो, देवळात जातेस की देवळाला प्रदक्षिणा घालत घरी येतेस? ती हसायची. रात्री पायाला बाम चोळून मागायची आणि मी चोळून द्यायचो. म्हणजे एका अर्थानं मोर्चाला माझाही हात लागला होता.

पुढच्या सभेत मास्तर आले. खुर्चीवर कडेला बसले, एखाद्या पोराला प्रगतीपुस्तक घ्यायला बोलावल्यासारखे. देशपांडे म्हणाले, बोला मास्तर. मास्तर उठले, घसा खाकरला, आणि त्यांनी ‘किती चुकलो’ हे सांगायला सुरुवात केली. त्या बॅनरखाली उभं राहिलो ते चुकलो, सावंतबाई, तुमची माफी मागतो. पण... आणि ‘पण’ आला तशी मंडळी कुजबुजायला लागली. अर्धं कुणाला चालत नाही, हे मी सांगितलंच होतं.

मग मीच उठलो. सभेत मला बोलता येत नाही. गाडी थंडीत पहिल्यांदा चालू करताना जशी खोकते तसा मी बोलतो.

“त्या गाडीवरचा माणूस नालायक आहे,” मी म्हटलं. “मला भेटला तर मी बोलणार नाही, हातच चालवीन. मास्तर त्याच्या मोर्चात जातात हे मला आजही पटत नाही. पण मास्तर त्याचे नाहीत. आणि जो चालला तो त्याचा, असाच तुमचा कायदा असेल, तर आमची शालनसुद्धा त्याची. तीही चालायची. तिचा फोटो आहे ना तिथं भिंतीवर, हळदीकुंकवाचा? उतरवा. आत्ता उतरवा, मी घरी घेऊन जातो.”

देशपांड्यांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत फोटोकडं. तो फोटो त्यांनीच लावला होता.

“शालनताई?” सावंतबाई म्हणाल्या. “मोर्चात? कशासाठी?”

मी पेढ्याचं सांगितलं. जसं ऐकलं तसं. वर काही लावलं नाही.

सावंतबाई खाली बसल्या. पर्समधून मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला. मुलाचा मेसेज आला की नाही ते बघत असाव्यात. ती सवय मी ओळखतो. आमच्या घरी पोस्टमन असायचा, एवढाच फरक.

“मला पटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्या असल्या बॅनरखाली कुणीही उभं राहिलेलं मला चालणार नाही. शालनताई असत्या तरी मी त्यांनाही तोंडावर सांगितलं असतं. पण गणपती मास्तरांनाच आणू द्या.”

देशपांड्यांना एकदम हायसं वाटलं. “म्हणजे, तेवढ्यापुरतं?”

“तेवढ्यापुरतं,” सावंतबाई म्हणाल्या, आणि मग सगळा हॉल हसला. मास्तर सोडून. त्यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

गणपती आला. टॅक्सीत पुढं मी बसलो, मागं मास्तर आणि त्यांची मांडी. टॅक्सीवाल्यानं एकदा जोरात ब्रेक मारला तर मास्तरांच्या आधी मीच ओरडलो, “आस्ते!” दारात ओवाळायला सावंतबाई उभ्या होत्या. मूर्तीला ओवाळलं, मास्तरांकडं बघितलं नाही. पण प्रसादाच्या वेळी त्यांच्याच हातून मास्तरांच्या ताटात दोन मोदक पडले, आणि मास्तरांनी साखर सोडल्याचं सगळ्यांना माहीत होतं. मास्तर म्हणाले, हा गूळ आहे.

यानंतर मास्तर सुधारले असतील असं कुणाला वाटत असेल तर ते मास्तरांना ओळखत नाहीत. पण माझं एक म्हणणं त्यांना लागलं होतं. पाटी त्यांनी बंगालीतही लिहिली. जागा कुठं होती? पाठीवर मराठी, पुढं जगाचा नकाशा. देशांवर लिहायला ते तयार नव्हते. मग पॅसिफिक महासागरात लिहिलं. तिथं मोकळी जागा पुष्कळ.

पुढच्या मोर्चात त्या टोळीतल्यांनी पहिल्यांदा पाटी वाचली. “दादू, एटा की लिखेछेन?” हे काय लिहिलंत, म्हणून तावातावानं विचारलं. मास्तरांनी भूगोल शिकवावा तसं समजावून सांगितलं, युद्ध नको म्हणण्यापुरता तुमच्याबरोबर, बंदुकीपुरता नाही, शिपायाला शिव्या देण्यापुरता तर मुळीच नाही. त्यांनी मास्तरांना पुढच्या रांगेतून काढलं आणि पार शेपटाला पाठवलं. मास्तर खूश. म्हणाले, शेवटी चालणारे आम्ही दोनच, मी आणि पोलीस. दोघांनाही घरी लवकर जायचं असतं, त्यामुळं छान जमतं.

हे मी डोळ्यानं बघितलं. कारण मीही गेलो होतो. मोर्चात नाही. मला विचाराल तर मी आजही तेच सांगेन, ज्याच्या गाडीत बसलात त्याच्याच गावाला जाणार. मी फुटपाथवरून चाललो. फुटपाथ सरकारचा आहे. खिशात लवंगा होत्या, मास्तर विसरले तर असाव्यात म्हणून.

मास्तरांनी मला बघितलं. हात केला नाही. फक्त काठी जरा फिरवली. बंगाली बाजू रस्त्याकडं गेली आणि मराठी फुटपाथकडं आली. वारा होता, पाटी सारखी वळत होती, आणि ते सारखी ती माझ्याकडं फिरवून धरत होते.

मी सातवी नापास माणूस. पण तेवढं मला वाचता येतं. एस्प्लनेडपर्यंत वाचत गेलो.